दोन दाढ्यांचा गज

फार फार वर्षांपूर्वी, इथल्या सगळ्यात म्हाताऱ्यालाही दात आले नव्हते तेव्हा, नॉर्वेतली काही माणसं बोटीनं अमेरिकेत आली आणि एका गवताळ माळावर गाव करून राहिली. डोंगर मागं राहिले, हट्ट मात्र झाडून सगळे बरोबर आले. तिकडच्या वरच्या खोऱ्यातून आलेले नाचताना पहिलं पाऊल लांबवायचे, खालच्या खोऱ्यातून आलेले दुसरं. एकत्र नाचले की अंगठे चेचायचे. आणि दोघांना मिळून फिडल, म्हणजे त्यांचं व्हायोलिन, वाजवणारा एकच, हाल्वोर. बिचारा पार वैतागलेला.

मग वरच्या खोऱ्यातली गुनहिल्ड आणि खालच्या खोऱ्यातला तूर यांचं लग्न ठरलं. नवरानवरी नाचल्याशिवाय तिथं लग्न लागलं असं कुणी मानत नसे. सगळे धान्याच्या कोठारात जमले.

"आमच्या ठेक्यावर वाजव, नाहीतर मी पोरगी घरी नेतो," नवरीचा बाप म्हणाला.

"न्या. आमचा पोरगा असला लंगडा नाच नाचायचा नाही," नवऱ्याचा बाप म्हणाला.

हसू नका. तुमच्या लग्नात बँडवरून काय झालं होतं, मी तिथंच होतो.

हाल्वोर याच्यासाठी वाजवी, की तो थांबवी. त्याच्यासाठी वाजवी, की हा. असं म्हणतात, या सुरू-थांबमध्ये फिडलच्या गजाचे सगळे केस तुटले, आणि शेपटीचे नवे केस द्यायला एकही घोडा जवळ येईना.

गुनहिल्ड रडवेली झाली. "काका, कुठलाही ठेका वाजवा. मला तूरबरोबर नाचायचंय."

हाल्वोरनं कात्री मागवली. दोन्ही व्याह्यांच्या दाढ्या कमरेपर्यंत होत्या.

"या इकडं. तुमच्या पायांपुढं मी हात टेकले. दाढ्या देता, की घरी जाऊन झोपू?"

दिल्या. न देऊन सांगतात कुणाला, जेवण नाचानंतर होतं.

अर्धे केस याचे, अर्धे त्याचे, असा गज फिरला. त्या फिडलला वाजवायच्या तारांखाली आपोआप घुमणाऱ्या आणखी तारा असतात. असं म्हणतात, वरच्या तारांतून एक ठेका निघाला, खालच्यांतून दुसरा. गुनहिल्ड आपल्या पावलांनी नाचली, तूर आपल्या, आणि गिरकी दोघांची एकदमच पुरी झाली. कोठार वीतभर वर उचललं गेलं, असंही म्हणतात. दोन्ही बाप हातात हात घालून नाचले. दाढीविना कोण कुठल्या खोऱ्यातला, त्यांच्या बायकांनाही ओळखू येईना.

आजही त्या गावात लग्न ठरलं की दोन्ही व्याही दाढी वाढवायला लागतात आणि बायका कुरकुरायला. नाचाआधी दोघांची एकेक बट गजाला बांधतात, मगच फिडल सुरू होतं. अंगठे अजून चेचतातच. पण माफी कुणी मागत नाही. "हाल्वोर वाजवतोय," म्हणतात, आणि लंगडत लंगडत नाचत राहतात.