उपरण्याची खोटी गाठ

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते सांगणाऱ्याला ठाऊक नाही आणि ऐकणाऱ्याने विचारू नये. तेव्हा राजे होते, नद्या होत्या, आणि माणसे होती म्हणजे भांडणेही होतीच. भांडणे होती म्हणून वकील होते.

एका नदीच्या काठाने तीन राज्ये होती. नदी एकच, पण वकील होण्याची रीत तिन्हीकडे वेगळी.

वरच्या, डोंगरातल्या राज्यात न्यायाची पोथी पाठ करावी लागे. सात वर्षे. परीक्षेच्या दिवशी परीक्षक पोथीत सुई टोचत, आणि सुई ज्या अक्षरावर निघेल तिथून पुढे म्हणायचे. एक अक्षर चुकले की पुन्हा सात वर्षे. पाठ करता करता आजोबा झालेले उमेदवार त्या राज्यात पुष्कळ होते.

खालच्या, समुद्राकाठच्या राज्यात पोथीला कुणी हात लावत नसे. तिथे वकिलांच्या पंगतीत शंभर वेळा जेवायचे. हसू नका, मुलांनो, ते वाटते तितके सोपे नव्हते. जुने वकील जेवता जेवता खटल्यांच्या गोष्टी सांगत आणि नव्याकडे तिरक्या नजरेने पाहत. हा सगळ्यांच्या आधी पानात हात घालतो का? वाढणाऱ्यावर खेकसतो का? दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडतो का? शंभराव्या जेवणाला सर्वांत वडील वकील स्वतः उठून त्याच्या पानात लाडू वाढत. लाडू पडला की तो वकील झाला.

मधल्या राज्यात मात्र ना परीक्षा होती ना पंगत. तिथे जन्मभराचा वकील कुणीच नसे. प्रत्येक खटल्याला नव्याने वकील व्हावे लागे. ज्याच्यासाठी बोलायचे, त्याच्या उंबऱ्यावर सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत बसायचे. प्रश्न विचारायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. फक्त ऐकायचे. आरोपीनेही वकिलाच्या आधी दुसऱ्या कुणापाशी तोंड उघडायचे नाही. सूर्य मावळला की आरोपी वकिलाच्या उपरण्याला गाठ मारी. न्यायसभेत पहिला हुकूम एकच असे, "गाठ दाखवा." एकदा गाठ दाखवली की वकिलाचे तोंड तेच आरोपीचे तोंड. गाठ खोटी, म्हणजे पुरते न ऐकता मारलेली निघाली, तर भर सभेत उपरणे जाळत आणि त्या माणसाला तिन्ही राज्यांत पुन्हा कुणासाठी बोलता येत नसे.

बाकीची दोन राज्ये या रीतीला हसत. "ऐकायला काय अक्कल लागते?" असे म्हणत.

याच मधल्या राज्यात एका बांधाच्या कडेला एक बहीण आणि एक भाऊ राहत. आईबाप लवकर गेले. बहीण दहा वर्षांनी मोठी. बांधाच्या दाराची राखण बापाकडे होती, ती तिच्याकडे आली. पाणी वाढले की शिंग फुंकायचे, दार किती उचलायचे ते पाहायचे, भिंतीवरून रोज एक फेरी मारायची. तिने लग्न केले नाही. भावाला वाढवले, आणि तो हुशार निघाला तेव्हा भाकऱ्या बांधून देऊन त्याला डोंगरात पाठवले.

भावाने पोथी एका दमात म्हणून दाखवली. मग समुद्राकाठी जाऊन शंभर जेवणे तो मान खाली घालून जेवला आणि लाडू मिळवला. दोन्ही राज्यांत त्याचे नाव झाले. तो उभा राहिला की समोरचा वकील घाम पुसू लागे. आपल्या राज्यात मात्र त्याने एकही खटला घेतला नाही. "दिवसभर लोकांच्या उंबऱ्यावर बसायला मी काय मांजर आहे?" असे तो म्हणे, आणि लोक हसत.

आणि एका श्रावणात निरोप आला. बांधाचे दार अवेळी उघडले गेले, पाणी खालच्या कुंभारवाड्यात शिरले, पाच घरे गेली आणि एक म्हातारा कुंभार वाहून गेला. दोष बहिणीवर आला होता. शिक्षा ठरलेलीच होती. जन्मभरासाठी नदीपार हाकलून देणे.

भाऊ तातडीने निघाला. खटला दुसऱ्या दिवशी होता. पण वाटेत लोकांनी थांबवले, कुणी हार घातला, कुणी दूध दिले, आणि त्याला नको म्हणवले नाही. तो बहिणीच्या उंबऱ्याशी पोचला तेव्हा दुपार कलली होती.

त्याला पाहून तिचे डोळे भरून आले. तिने आधी पाट मांडला.

"जेवून घे. मग सांगते सगळं."

"आक्का, तू काही काळजी करू नकोस. मी आलोय ना!"

"त्या दिवशी भिंतीपाशी गेले, तर..."

"भिंतीचं राहू दे. तुला ताप होता की नाही? दर श्रावणात येतो तुला, मला ठाऊक नाही का? शेजारची काकू म्हणाली, घराचं दार बंद होतं तुझं."

"सकाळी होता ताप. पण मी शिंग फुंकलं रे, तीनदा. वारा उलटा होता, म्हणून..."

"अगं, डोंगरात असाच एक खटला होता माझ्याकडे," भाऊ म्हणाला, आणि त्याने तो सगळा खटला सांगितला. समोरचा वकील कसा अडखळला, राजाने कशी पाठ थोपटली, तेही सांगितले. बहीण त्याच्या पानात भात वाढत राहिली. त्याला मधेच थांबवणे तिच्या जिवावर आले. इतक्या वर्षांनी तो घरी जेवत होता.

ऊन अंगणातून सरकले तेव्हा ती हळूच म्हणाली, "तो म्हातारा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मला तेवढं तरी..."

"रडू नकोस. मला सगळं कळलंय. चल, गाठ मार."

तिने सूर्याकडे पाहिले. तो अजून हातभर वर होता. मग भावाच्या तोंडाकडे पाहिले आणि उपरण्याच्या टोकाला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी न्यायसभा भरली. गाठ दाखवली गेली. भाऊ बोलायला उभा राहिला आणि खरे सांगतो, तसे बोलणे त्या सभेने कधी ऐकले नव्हते. पोथीतली अकरा वचने त्याने न अडखळता म्हटली. त्या दिवशी बहीण तापाने फणफणली होती, ती बांधावर गेलीच नव्हती, दार दुसऱ्याच कुणी उघडले, हे त्याने असे मांडले की लोक माना डोलवू लागले.

न्यायाधीशांनी बहिणीला विचारले, "बाई, हे तुझंच बोलणं का?"

तिने भावाच्या उपरण्याकडे पाहिले. नाही म्हटले असते, तर ते तिथेच जळले असते.

"हो," ती म्हणाली.

तेव्हा कुंभारवाड्यातली एक सून उठली. वाहून गेलेल्या म्हाताऱ्याची ती सून. "मी लेकराला घेऊन छपरावर बसले होते," ती म्हणाली. "या बाईला मी दार उचलताना पाहिलं. ह्या डोळ्यांनी!" तिच्यामागून आणखी दोघे उठले. त्यांनीही पाहिले होते.

भावाची पोथी तिथे संपली.

"दार उघडणाऱ्याला काही कारण असू शकतं," न्यायाधीश म्हणाले. "मी सकाळपासून त्या कारणाची वाट पाहत होतो. पण जी म्हणते मी तिथे नव्हतेच, तिला कारण कसं विचारू?"

संध्याकाळी शिपाई तिला नदीकडे घेऊन गेले. भाऊ मागोमाग गेला. नाव लागली होती.

"आक्का, तू खरंच दार उघडलंस?"

"उघडलं. भिंतीला खालून भेग गेली होती. माझा हात कोपरापर्यंत आत गेला. दार उचललं नसतं, तर अख्खा बांध फुटला असता आणि खालची पाच गावं गेली असती. शिंग फुंकलं, कुंभारवाड्यात ऐकूच गेलं नाही. पाणी उतरल्यावर मीच पिवळी माती कालवून भेग बुजवली."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगत होते रे."

"निदान सभेत तरी..." भाऊ म्हणाला.

"तुझं उपरणं जळू देऊ? त्याच्यासाठी का भाकऱ्या बांधून दिल्या होत्या तुला?" तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि नावेत चढली.

भाऊ तसाच धावत न्यायाधीशांकडे गेला. "गाठ खोटी आहे," तो ओरडला. "परक्या पंगतीत शंभर जेवणं मी गप्प बसलो, आणि आक्काच्या घरच्या एका जेवणाला मला गप्प बसता आलं नाही."

सभा पुन्हा भरली. त्याचे उपरणे जाळले, ते त्याने स्वतःच्या हाताने आगीत टाकले. मग त्याच्याकडून भेगेचे ऐकून माणसांनी बांध खणला. भिंतीत हातभर खोल, ओली पिवळी माती सापडली. त्या मातीत बोटांचे ठसे तसेच होते. ते पाहून कुंभारवाड्यातली ती सूनसुद्धा रडली.

न्यायाधीशांनी बहिणीला निर्दोष ठरवले. पण तोवर तीन दिवस झाले होते. नदीपार घोडेस्वार गेले, भाऊ स्वतः वर्षभर रानोमाळ हिंडला. नदीपार हाकललेली माणसे आपले नावगाव कुणाला सांगत नसत. कुणी म्हणे, अशी एक बाई रानवाटेने गेली, अंगात ताप होता. त्यापुढे कुणाला काही ठाऊक नव्हते.

भाऊ परत आला आणि बांधाचा राखणदार झाला. भिंतीवरून फेरी मारून झाली की तो बहिणीच्या उंबऱ्यावर बसे, सूर्य मावळेपर्यंत. येणारेजाणारे त्याच्यापाशी टेकत, आपले दुःख सांगत. तो कुणाला मधे तोडत नसे. पण कुणासाठी बोलण्याचा हक्क त्याला आता उरला नव्हता.

ती निर्दोष असल्याचे न्यायाधीशांचे पत्र तिच्याच दारावर लावले होते. पावसाने त्याची अक्षरे धुऊन गेली की भाऊ ती पुन्हा गिरवी. तो म्हातारा होऊन गेला तोवर त्याने ती कितीतरी वेळा गिरवली, पण ती वाचायला त्याची आक्का काही आली नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढे ध्यानात ठेवा: दुसऱ्यासाठी बोलायचे असेल तर आधी त्याचे पुरते ऐकून घ्यावे, आणि तो आपलाच माणूस असेल तर आणखी थोडा वेळ बसावे.