सतरा नंबरचा कडुनिंब

"पण बाई, आकडे तर बरोबर होते ना?"

यमुनाबाई रोपवाटिकेत उकिडव्या बसल्या होत्या. त्या काळ्या पिशव्यांमध्ये माती भरत होत्या.

हर्षल गहाणेनं पुन्हा विचारलं. "तुम्हीच सांगितलेले आकडे. बेलदारपुऱ्यातले बासष्ट कडुनिंब. उंची, घेर, पानांचा दाटपणा… त्यात कुठे चूक होती का?"

"नव्हती."

"मग?"

बाईंनी पिशवी जमिनीवर ठोकून माती बसवली. दुसरी उचलली.

हर्षल शहराच्या उन्हाचा नकाशा करायचा. त्याच्या सॉफ्टवेअरला प्रत्येक घर, प्रत्येक रस्ता आणि प्रत्येक झाड ठाऊक होतं. त्यावरून ते सांगायचं, की कुठल्या गल्लीत भर दुपारी माणसाच्या अंगाला किती ऊन सोसावं लागेल. घरांची आणि रस्त्यांची माहिती त्याला सहज मिळाली. झाडांची मात्र कुणाकडेच नव्हती.

म्हणून सहा वर्षांपूर्वी तो या रोपवाटिकेत आला होता, यमुनाबाई मेश्रामांकडे. शाळा चौथीपर्यंत, नंतरचं सगळं आयुष्य रोजंदारीवर झाडं लावण्यात गेलेलं. खोडाला पाठ टेकवायची, वर बघायचं आणि पानांमधून किती आकाश दिसतं ते सांगायचं, हे त्याला बाईंनीच शिकवलं. दहात तीन. दहात दोन. पुढे त्यानं यंत्र आणून तपासलं. बाईंचा अंदाज क्वचितच हुकलेला निघाला.

टेपचं दुसरं टोक धरायला बाईंचा धाकटा दीर असे. शेषराव. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान बेलदारपुऱ्यातच होतं, सतरा नंबरच्या कडुनिंबाखाली. दुकान म्हणजे एक लोखंडी पेटी आणि हवा भरायचा पंप.

त्या कामावर हर्षलला पुरस्कार मिळाला. भाषणात त्यानं बाईंचं नाव घेतलं, 'माझ्या गुरू' म्हणाला. टाळ्या पडल्या. बाई सभागृहात नव्हत्या. त्यांना बोलावणंच गेलं नव्हतं.

या उन्हाळ्यात त्याचा नकाशा बघून शहरात ठिकठिकाणी हिरव्या जाळीचे मांडव घातले गेले, पाण्याचे माठ ठेवले गेले. बेलदारपुरा नकाशावर गर्द हिरवा होता. तिथं मांडव घालायची गरज कुणाला वाटली नाही.

मे संपता संपता पारा सलग तीन दिवस सत्तेचाळीसवर गेला. तिसऱ्या दिवशी शेषराव पेटीवर डोकं टेकून बसला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, डुलकी लागली असेल.

त्याला जाऊन आज अकरा दिवस झाले होते.

"चौकशी बसली आहे, बाई," हर्षल म्हणाला. "मला बोलावतील. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की झाडांची माहिती खरी होती. बाकीचं मी बघतो."

"देईन," बाई म्हणाल्या. हात झटकून उठल्या. "आधी चाल माह्यासंगं."

"कुठे?"

"टेप घे."

दुपारचे तीन वाजले होते. हर्षलनं गाडीचं दार उघडलं. बाई गाडीत बसल्या नाहीत, डोक्यावर पदर ओढून चालू लागल्या. तो मागे निघाला. रस्त्यावरचं डांबर बुटाला चिकटत होतं.

मोजणीनंतर तो बेलदारपुऱ्यात कधी आलाच नव्हता.

रस्ता त्याला ओळखू आला नाही. दोन्ही बाजूंना नुसती खोडं उभी होती, माणसाच्या डोक्याच्या थोडी वर, सगळी एका पातळीत कापलेली. मार्चमध्ये विजेच्या तारांसाठी छाटणी झाली होती. खोडांवर मोजणीचे पिवळे नंबर अजून शाबूत होते.

सतरा नंबरपाशी बाई थांबल्या. पेटी तिथंच होती. तिला कुलूप होतं.

"मोज," बाई म्हणाल्या.

"काय मोजू?"

"मागं मोजलं तेच."

त्यानं खोडाला टेप गुंडाळली. बाईंनी दुसरं टोक धरलं. सहा वर्षांत घेर चार बोटं वाढला होता. उंची मोजायला शिडी लागली नाही.

"आता पाठ टेकव."

खोड तापलं होतं, शर्टातून चटका बसला. तरी तो टेकला.

"वर पाह्य."

त्यानं वर पाहिलं. कापलेल्या कडेला वीतभर कोवळी फूट आली होती. तिचीही टोकं करपलेली. त्याच्या पुढे नुसता पांढरा उजेड. डोळे आपोआप मिटले.

"किती आकाश दिसते?"

तो ओठांतल्या ओठांत पुटपुटला.

"मोठ्यानं सांग."

"दहात दहा."

"अन् तुह्या नकाशात काय लिहिलं हाय?"

"दहात दोन."

तो खोडापासून बाजूला झाला. "झाड फाइलीत आहे, बाई. सॉफ्टवेअरला तेवढंच कळतं. झाड आहे, कडुनिंब आहे, म्हणजे पानं आहेत. कापल्याचं त्याला कसं कळणार? कुणीतरी कळवायला हवं होतं. कुणी एका शब्दानं जरी कळवलं असतं, तर…"

त्याची नजर कुलूप घातलेल्या पेटीवर गेली.

"तर?" बाई म्हणाल्या.

समोरच्या घरातून एक बाई बादली घेऊन बाहेर आली, दारातल्या सिमेंटवर पाणी मारलं आणि आत गेली. पाणी बघता बघता वाळलं.

"शेषरावांचा फोन आला होता," हर्षल म्हणाला. "मार्चमध्ये."

"मले ठाऊक हाय. माह्यासमोरच लावला त्यानं."

"मी मीटिंगमध्ये होतो."

"मंग दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला."

"हो…"

"तवा काय बोलला तू?"

"म्हणालो, फाइल बंद झाली आहे. आता पुढच्या मोजणीत बघू."

"अन् तो काय बोलला?"

बाई वाट बघत उभ्या राहिल्या. घाई त्यांनी कधीच केली नव्हती.

"म्हणाले… बरं साहेब. ऊन लय हाय, जिवाले जपा."

बाईंचा चेहरा हलला नाही. फक्त टेप गुंडाळणारा हात थांबला, मग पुन्हा फिरू लागला.

हर्षल पेटीशेजारी जमिनीवरच बसला. पाठीवरच्या बॅगेतून त्यानं लॅपटॉप काढला. बेलदारपुरा उघडला, सतरा नंबर उघडला, पानांच्या रकान्यात शून्य टाकलं. ते घेईना. जिवंत झाडाला शून्य चालत नव्हतं. हा नियम त्यानंच घातला होता, चुकून कुणी रकाना रिकामा सोडू नये म्हणून. मग जो सगळ्यात लहान आकडा चालत होता तो त्यानं टाकला. सतराला टाकला, अठराला टाकला, बासष्टच्या बासष्ट झाडांना टाकला. बोटांचा घाम अक्षरांवर पडत होता.

हिरवा रस्ता पिवळा झाला, पिवळ्याचा लाल झाला, आणि लाल काळपट होत गेला.

त्यानं लॅपटॉप बाईंसमोर धरला.

"बघा, बाई. आता नकाशा खरा झाला."

बाई वाकल्या. भर उन्हात पडद्यावर त्यांना स्वतःचा चेहरा तेवढा दिसला.

मग म्हणाल्या, "कागद दे."

"कसला?"

"लिहून पाहिजे होतं ना तुले?"

त्यानं बॅगेतून कागद दिला, पेन दिलं. बाईंनी कागद सतरा नंबरच्या खोडावर ठेवला. सालीमुळे अक्षरं वाकडी येत होती. एकेक अक्षर थांबून थांबून उमटत गेलं.

झाडांची माहिती खरी होती. यमुना मेश्राम.

त्यांनी कागद पुढे केला.

हर्षलचा हात वर येईना. "बाई, असं नका करू. शिव्या द्या मला. चौकशीत सांगा, की शेषरावांनी मला फोन केला होता. काहीही सांगा…"

बाईंनी कागदाची घडी केली, त्याच्या शर्टाच्या खिशात घातली आणि वरून हात फिरवून खिसा सारखा केला.

त्या चालू लागल्या. तो धावत मागे गेला.

"बाई! माझं कुठे चुकलं, तेवढं तरी सांगा."

यमुनाबाई थांबल्या. वळल्या नाहीत.

"तुह्यं नाही चुकलं, बाप्पा. मीच तुले भरल्या झाडाखाली शिकवलं."