देवाची कणगी

फार पूर्वी, माळावरच्या एका गावात दोन पाथरवट भाऊ राहत होते. आईबाप लवकर गेले, म्हणून थोरल्यानेच धाकट्याला वाढवलं. त्याला न्हाऊ घातलं, त्याचे कान उपटले, हातात छिन्नी दिली आणि निजताना रोज पवित्र शास्त्रातली एक गोष्ट सांगितली. धाकटा डोक्याने गरम. गोष्ट पुरी व्हायच्या आतच उसळायचा, "मी असतो तर त्याला तिथंच हाणला असता!"

थोरला हसून म्हणायचा, "म्हणून तर तुला देवाने शास्त्रात घेतलं नाही."

त्या गावातली माणसं प्रभू येशूला मानणारी होती. रोज पहाटे घरची बाई आधी मूठभर जोंधळे प्रभूच्या नावाने बाजूला काढायची आणि मग घरच्यांसाठी दळायला बसायची. दर रविवारी ही मूठमूठ दगडी चर्चच्या खोलीत मोठ्या कणगीत जमा व्हायची. सुगी आली की सुगीची उपासना होई. कणगीवर प्रार्थना होई, आणि मग ते धान्य विधवांना, आजाऱ्यांना, वाटसरूंना वाटलं जाई. प्रार्थनेआधी मात्र त्याला कुणी शिवायचं नाही. किल्ली गावच्या म्हाताऱ्या पंचाच्या कमरेला असे.

मग दुष्काळ पडला. एक साल गेलं, दुसरं गेलं. शेतात कणीस नाही, म्हणून सुगी नाही. सुगी नाही, म्हणून सुगीची उपासना नाही. आणि उपासना नाही, म्हणून कणगी बंद ती बंदच.

दळायलाच काही नाही, तर गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी कोण लावून घेणार? दोघा भावांचं काम बसलं. घरात जे काही शिजे, त्यातलं थोरला धाकट्याच्या पुढ्यात ढकलायचा आणि म्हणायचा, "मी मघाशीच खाल्लं." धाकट्याने ते खरं मानलं. भूक लागलेल्या माणसाला अशा गोष्टी लवकर खऱ्या वाटतात.

एके दिवशी थोरला अंथरुणातून उठलाच नाही. पाय सुजले होते, गाल आत गेले होते. तेव्हा कुठे धाकट्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो हातोडा घेऊन निघाला.

"कुठं निघालास?" थोरल्याने विचारलं.

"कणगी फोडायला."

"फोडलेलं मी खाणार नाही. ते चोरून आणायचं धान्य नाही रे, मागून घ्यायचं आहे. उद्या रविवार आहे. सगळ्यांसमोर उभा राहा आणि माग. शास्त्रातला दावीद भुकेला होता, तेव्हा याजकाने त्याला देवापुढची पवित्र भाकर दिलीच ना?"

धाकट्याने हातोडा खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने दादाचं पहिल्या सांगण्यात ऐकलं.

रविवारी उपासनेत तो उभा राहिला. "माझा भाऊ मरायला टेकलाय. कणगीतलं शेरभर धान्य द्या."

सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. पंच उठला. तो काही लबाड माणूस नव्हता. त्याची स्वतःची हाडं सदऱ्यातून वर आली होती, पण त्याने कणगीतला एक दाणा कधी तोंडात टाकला नव्हता.

"पोरा, ते प्रभूचं आहे," तो म्हणाला. "अर्पण झाल्याशिवाय मला हात लावता येत नाही."

"दावीदाने नाही का खाल्ली देवापुढची भाकर?"

"तू दावीद आहेस का?"

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. "दावीदासारखी गोफण आणलीय का बघा हो!"

"आणि तुमचा देव काय उंदीर आहे," धाकटा ओरडला, "कणगीत बसून दाणे खायला?"

पंचाने डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. ती भुकेल्यांसाठीच होती, आणि फार सुंदर होती. सगळ्यांनी आमेन म्हटलं.

धाकटा घरी आला. थोरल्याने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. दुपार कलायच्या आत थोरल्याने प्राण सोडला.

दुसऱ्या दिवशी गाव जमलं. जमीन दगडासारखी कडक झाली होती, तरी धाकट्याने खड्डा दुसऱ्या कुणाला खणू दिला नाही. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. एका बाईने पुनरुत्थानाचं गीत धरलं. धाकटा गायला नाही. त्याच्या मनात एकच गोष्ट घुमत होती: मातीची मूठ द्यायला सगळे आले.

तो तिथून निघाला तो घरून हातोडा घेऊन थेट चर्चच्या खोलीशी गेला. पंच त्याच्या आधीच दाराला पाठ लावून उभा होता. लोक मागोमाग धावत आले.

"बाजूला व्हा," धाकटा म्हणाला.

"मला मार. मी म्हातारा आहे, माझं काही जात नाही. पण मी जिवंत असताना हे दार उघडणार नाही. मी प्रभूला शब्द दिलाय."

धाकट्याने हातोडा वर उचलला. पंचाने मान खाली घातली. त्या म्हाताऱ्या मानेवर एक शीर थडथड उडत होती. दादाचीही शेवटी तशीच उडत होती. धाकट्याच्या तोंडून हुंदका फुटला. त्याने पंचाला धक्का देऊन दूर केलं आणि हातोडा कुलपावर हाणला.

दार उघडलं. कणगीचं झाकण काढलं. आतून कुबट वास आला आणि काळे किडे काठावरून भराभर बाहेर पडू लागले. देवाच्या वस्तूला उगाच हात नको, म्हणून दोन वर्षांत त्या धान्याला कुणी ऊन दाखवलं नव्हतं, की त्यात कडुनिंबाचा पाला घातला नव्हता. धाकट्याने हात आत खुपसला आणि मूठ वर काढली. मुठीत पीठ होतं, भुशासारखं.

वाळवंटात देवाने रोजच्या खाण्यापुरता आभाळातून दिलेला मान्ना लोकांनी साठवून ठेवला आणि त्यात किडे पडले, ही शास्त्रातली गोष्ट जमलेल्या प्रत्येकाला पाठ होती.

पंच मटकन खाली बसला. "वेळेवर दिलं असतं, तर याचा भाऊ वाचला असता," तो पुटपुटला.

बायकांनी सुपं आणली. पाखडून पाखडून तळाचे थोडे धड दाणे निघाले. त्यांची पातळ पेज झाली, गावाला एक वेळ पुरेल इतकी. आधी पोरांना दिली, मग आजाऱ्यांना. पंच मात्र दाराशी बसला होता तिथून हलला नाही. त्याला कुणी हाक मारली नाही.

धाकट्याने आपला वाडगा उचलला. तो भिरकावून द्यावा असं त्याला वाटलं. म्हाताऱ्याच्या तोंडावर ओतावा, असंही वाटलं. मग त्याला कळलं, की दादा आता असता तर "मी मघाशीच खाल्लं" म्हणाला असता. तो पंचासमोर जाऊन उकिडवा बसला.

"घ्या."

"मला नको रे. तुझ्या भावाचा घास मी..."

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," धाकटा म्हणाला. "करेन की नाही, तेही ठाऊक नाही. ते माझं आणि प्रभूचं बघू आम्ही. तुम्ही आधी खा."

धाकट्याने वाडगा पंचाच्या ओठांशी नेला आणि रिकामा होईपर्यंत धरून ठेवला.

तात्पर्य एवढंच: देवाच्या नावाने राखलेली मूठ भुकेल्याच्या तोंडी पडली, तरच ती देवाला पोचते, कुलपात राहिली, तर किड्यांना.