भरतेशच्या पावलावर

"...मग माझ्यात नेमकं काय कमी हाय, वस्ताद?"

हमीद वस्ताद गायरानातल्या धावपट्टीची माती दाताळ्याने भुसभुशीत करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारी राजमती. पोरगी मोठी तिखट. लहानपणी शंभर मीटरमध्ये ती चुलतभावाला, भरतेशला, हटकून मागे टाकायची. आता रोज त्याची पाठ बघून तिचे डोके फिरायचे.

वस्तादांनी आडपडदा न ठेवता सांगितले. वयात येताना त्याच्या टांगा लांबल्या, मांड्या भरल्या, हृदय मोठे झाले, रक्तही दाट झाले. तुझी कंबर रुंदावली. निसर्गाची वाटणी वेगळी, त्यात कुणाचा दोष नाही.

"म्हंजे कमीच की."

वस्तादांनी पुन्हा दाताळे ओढायला घेतले.

तिने मग सांगूनच टाकले. रविवारी मुलींची निवड शर्यत होती, तीत ती उतरणार नव्हती. भरतेश काही गाठता येत नाही, आणि वर मांडीही ठणकते.

दाताळे थांबले.

"मांडी कशानं ठणकतीया?"

"तुम्हीच म्हणालासा न्हवं? भरतेशच्या पावलावर पाऊल टाक म्हणून..."

वस्तादांना म्हणायचे होते की त्याच्यासारखे वेळेवर यावे, तोंड बंद ठेवून सराव करावा. ही बया मात्र रोज मातीत त्याचे ठसे हुडकून, टांग ताणताणून, नेमका त्यातच पाय टाकत होती.

एरवी ते पोट धरून हसले असते. पण आपल्याच बोलण्याने पोरीची मांडी दुखावली, हे त्यांना फार लागले. ते पट्टीच्या टोकापर्यंत गेले आणि भरतेशचा एकूणएक ठसा पुसून आले.

"पळ आता. बेतानं."

"कुणाच्या मागनं?"

वस्तादांनी नुसते मोकळ्या पट्टीकडे बोट केले.

ती निघाली. आधी अडखळली, पाय कुठे टाकावा तेच कळेना. मग पावले आपसूक पडू लागली. आखूड, पण झपझप. मांडीने कुरकुर केली नाही. पळताना लहानपणी व्हायचा तसा आनंद तिला झाला, आणि ती थांबली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

भरतेश उद्याही पुढेच असणार, हे तिला ठाऊक होते. त्याचे आज काही वाटेना. इतके दिवस आपण या अंगाला नुसता बोल लावला, आणि ते बिचारे मुकाट पळत राहिले, एवढेच तिच्या मनात येत होते.

"रविवारी पळणार, वस्ताद," ती म्हणाली. मग ती त्यांच्या पायांशी वाकली.

वस्तादांनी पाय मागे घेतले.

"माझ्या कशाला? पळालं कोण...? पाया पडायचंच तर तुझ्या त्या पायांच्या पड."