लांडोरीची शाल

पाखरांना नटायची हौस नुकतीच लागली होती, तेव्हाची ही गोष्ट.

एका उंबरावर शिंपी पाखरांची वस्ती होती. चोच हीच त्यांची सुई. झाडाखालची लांडोर साप हाकलायची, म्हणून पाखरं तिला पानांची शाल शिवून द्यायची. शाल दुसऱ्या दिवशी सुकायची. "जुनी झाली. नवी आणा," असं म्हणत लांडोर ती फेकून द्यायची. रोज पानं तोडून फांद्या उघड्या पडल्या, चोची सोलवटल्या. अंडी घालायचे दिवस आले, तरी एकाही पाखराचं घरटं शिवून झालं नव्हतं.

"उद्यापासून शाल बंद. आधी घरटी," म्हातारी शिंपीण म्हणाली.

"मग सापांचं तुमचं तुम्हीच बघा!" लांडोर फणकारली.

घाबरली सगळीच, पण शालीला कुणी टाका घातला नाही. पाळीपाळीने पहारा करत त्यांनी घरटी शिवली.

आठवड्याने लांडोर वर बघत उभी राहिली. "ही पानं सुकली कशी नाहीत गं?"

"ती तोडलेलीच नाहीत, बाईसाहेब," म्हातारी शिंपीण म्हणाली. "आम्ही पान झाडावर ठेवूनच शिवतो. तोडायला लागायचं ते तुमच्या रोजच्या शालीपायी."

लांडोरीने मान उंचावून घरट्यांचे टाके न्याहाळले. "मग माझी शालही तशीच शिवा. पिल्लं उडाल्यावर, सवडीनं."

"पण मग शालीपाशी तुम्हालाच यावं लागेल."

लांडोर आली. खालच्या फांदीवर, तिथल्याच हिरव्या पानांची शिवलेली शाल पांघरून पाखरांच्या शेजारी बसली. साप तिकडे फिरकेनासे झाले.

शाल अजून तीच आहे. दर पावसाळ्यात थोडी वाढते, एवढंच.