दहा हजार वॅटची पेटी

"पेटीवर दहा हजार वॅट लिहिलंय ना? मग आवाज दहा हजारांचाच निघाला पाहिजे!" मोरझरीचे राजे भवानजीराव गरजले. "निघत नसेल, तर चूक वाजवणाऱ्याची!"

वाजवणारा म्हणजे कोंडाजी नगारची. बिचारा मान खाली घालून उभा. त्याच्या घरात आज्या-पणज्यापासून नगाराच. मोरझरीची रीत अशी की, घटस्थापनेला आणि दसऱ्याला वाड्याच्या दरवाजावर नगारा झडायचा. तो डोंगरावरच्या धनगरवाड्यात ऐकू गेला की धनगर ढोल बडवून पोच द्यायचे. तो ढोल ऐकल्याशिवाय खाली कुणी कुणाला आपट्याचं पान द्यायचं नाही!

पण यंदा शेजारच्या संस्थानात आवाज मोठा करणारी पेटी आली, आठ हजार वॅटची. झालं! भवानजीरावांना अन्न गोड लागेना. तेवढ्यात काशीनाथशेठ व्यापारी हजर झाले, कपाटाएवढी पेटी घेऊन. तिच्यावर सोनेरी अक्षरं, 'शक्ती दहा हजार वॅट'! जुना नगारा गेला अडगळीत. कोंडाजीच्या हातात आली हलगी, तोंडासमोर माईक, आणि वाड्यातल्या विजेची तार जोडली पेटीला. घटस्थापनेला कोंडाजीनं घाम गाळून हलगी वाजवली. पेटी खरखरली, चिरकली, खोकली. आवाज ओढ्यापाशीच दमला, आणि डोंगरावरचा ढोल काही वाजला नाही.

"हातात जोरच नाही याच्या," काशीनाथशेठ पान चघळत म्हणाले. "पेटी तरी काय करील, सरकार?"

"असं? मग ऐक कोंडाजी! दसऱ्याला याच पेटीतून आवाज डोंगरावर पोचला पाहिजे. नाही पोचला, तर चाकरी गेली, इनामाची जमीन गेली आणि घरही खाली करायचं!"

कोंडाजी घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. ताटाला हात लावेना. त्याची लेक भिवरा मात्र भारी तिखट जिभेची.

"बा, ती पेटी आतून बघितलीस का?"

"आतून? नाही गं. वरची सोनेरी अक्षरं तेवढी बघितली."

"म्हणजे तू आणि सरकार, दोघं सारखेच!" असं म्हणून ती बापाला घेऊन तडक वाड्यावर गेली.

"सरकार, आवाज पोचवायचं आमच्याकडे लागलं. फक्त पेटी तेवढी घरी न्यायला द्या. बा हात बसवील तिच्यावर."

"न्या! पण पोरी, आवाज पेटीतूनच यायला हवा. नगारा दिसला तर खैर नाही!"

"नगारा अडगळीतच राहील, सरकार."

"अगं, चार गडी लागतील उचलायला!" राजांशेजारी बसलेले शेठ हसले. बापलेकीनं दोन बाजूंनी धरली, तर पेटी अलगद वर! इतकी हलकी कशी, म्हणून कोंडाजी बघतच राहिला आणि भिवरा गालातल्या गालात हसली.

दसरा उजाडला. पेटी दरवाजावर चढली, तोंड डोंगराकडे आणि पाठ चौकातल्या राजांकडे. चौक माणसांनी फुलून गेला होता. पेटीपुढे उभ्या कोंडाजीनं हात जोडले, टिपऱ्या उचलल्या आणि...

धडाम्! धडाम्! धडाड धडाम्!

कबुतरं भुर्रकन उडाली. लोक श्वास रोखून डोंगराकडे बघू लागले. आणि आला की हो, वरून ढोलाचा आवाज आला! कोंडाजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"वा! वा!" राजे आनंदानं उभेच राहिले. "शेठ, आज मिरवणुकीत आमच्या हत्तीवर तुम्ही!"

"मी म्हटलंच होतं सरकार, माल अस्सल आहे!" शेठ छाती फुगवून म्हणाले.

राजे शेठना घेऊन कौतुकानं पेटी बघायला वर गेले, आणि थबकले. "अरे, विजेची तार कुठाय?"

भिवरानं पेटी त्यांच्याकडे वळवली. तोंडावर ताणलेलं कातडं, कडेनं खिळे मारलेले!

"तार लागतेच कशाला, सरकार? बाहेर परातीएवढी जाळी होती आणि आत पुरीएवढा हा कर्णा. बाकी सगळी पोकळीच! जाळी काढली, कातडं बसवलं. आवाज पेटीतूनच आला ना?"

राजे लालबुंद झाले. "शेठ! दहा हजार वॅट कुठं गेले?"

शेठनी पान गिळलं. "असतात सरकार, असतात... पण पापणी लवते तेवढ्यापुरतेच. एरवी आपले पाच-दहा. बाजारात सगळेच असं लिहितात हो! शेजारच्या पेटीवर आठ हजार होतं, म्हणून आम्ही दहा लिहिलं..."

"हत्तीवर कसला बसतोस? हत्तीच्या पायी देतो तुला!"

"असं कसं, सरकार?" भिवरा पुढं झाली. "चारचौघांत शब्द दिलाय तुम्ही. हत्तीवर बसवायचं म्हणजे बसवायचंच! फक्त शेठजींच्याच मापानं बसवा. पापणी लवते तेवढं!"

राजांच्या मिशीखाली हसू फुटलं. मग म्हणाले, "आणा रे हत्ती!"

सगळे खाली चौकात आले, हत्तीला शिडी लागली. शेठ धोतर सावरत, धापा टाकत वर चढले. अंबारीत टेकले न टेकले तोच राजांनी पापणी लववली.

"झालं! उतरा!"

असा हशा पिकला म्हणता! राजे तर इतके हसले की डोक्यावरचं पागोटं घरंगळून पायाशी आलं. हसता हसताच त्यांनी नगारा अडगळीतून काढायला लावला, कोंडाजीची चाकरी आणि इनाम वंशपरंपरेनं कायम केलं आणि त्याला नगाऱ्यासकट हत्तीवर चढवलं.

"आणि भिवरे, तुला गं काय हवं?"

"ती पेटी द्या, सरकार. कोंबड्यांना खुराडं नाही आमच्या."

राजांना पुन्हा हसू आवरेना. पेटी तर त्यांनी दिलीच, वर एक दुभती म्हैस दिली, आणि स्वतःच्या अंगावरची शाल काढून भिवराच्या खांद्यावर घातली.