टोपलीभर कोसे

विदर्भात रुचिसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व रानाकडेच्या एका गावात कोसा पाळणाऱ्याच्या घरी जन्मले. नाव सुदंत. राजाचं या गोष्टीत काम एवढंच.

ऐनाच्या झाडावर अळ्या पाला खातात आणि स्वतःभोवती टणक कोसा विणतात. तो उकळला की रेशमाचा अखंड धागा निघतो, आतला जीव मरतो. जीव पतंग होऊन आपणहून बाहेर पडला तर धागा तुटतो, कोसा वाया. नेसणारे हे विचारत नाहीत.

त्या मुलखाची रीत अशी, की लेकीला पहिलं मूल झालं की माहेराहून कोशाचं वस्त्र जायचं, मगच सासरचे तिला माहेरी धाडायचे. सुदंताची लेक केतकी नदीपल्याड सासरी बाळंत झाली होती. तिची आई, सुदंताची बायको शालवती, हिचा जीव तिच्यात अडकलेला. पण त्या साली गारांनी अळ्या झोडपल्या, आणि वाचलेले कोसे गावानं उकळून विकले. पुढच्या अळ्यांचं बी म्हणून उरली ती सुदंताची एक टोपली. एका वस्त्रापुरती.

उन्हाळा सरता सरता शालवतीनं आधण ठेवलं. सुदंतानं टोपली उचलली, तर एक मादी पतंग बाहेर येऊन ओले पंख वाळवत बसलेली.

"हिला तोंडच नसतं," तो म्हणाला. "खाणं नाही, पिणं नाही. चार दिवसांचं आयुष्य, तेही नराची वाट पाहण्यात."

"मला आहे तोंड," शालवती म्हणाली. "आणि मीही वाटच पाहतेय. टाका बाकीचे पाण्यात."

"अगं, हे टाकले तर या रानात पुन्हा पतंग दिसायचा नाही."

"रान काय मला आई म्हणणार आहे?"

लेक सुदंतालाही हवी होती, नातवाला मांडीवर घ्यायचं होतं. त्यानं टोपली नेऊन ऐनाला टांगली आणि खाली बसून राहिला. तिन्हीसांजेला फाटक्या पंखांचा एक नर नदीपल्याडून वास काढत आला. एवढासा जीव नदी ओलांडून आला, हे बघून सुदंत रडला.

पावसाळ्यात रानभर अळ्या पसरल्या. त्या बघायला शालवती उरली नाही. मरणाच्या निरोपाला वस्त्र लागत नाही. केतकी त्याच दिवशी मूल घेऊन आली.

गोष्ट सांगून शास्ते, भगवान बुद्ध, म्हणाले, "तो सुदंत मीच. केतकी ती आजची भिक्षुणी उत्पलवर्णा. आणि शालवती म्हणजे ही मागे बसलेली म्हातारी भिक्षुणी. दारात पाऊल वाजलं की हिची मान अजून वळते."

उरलंसुरलं कोणीही देतो. ज्याच्यावाचून जीव तुटतो ते देणं म्हणजे दानपारमिता. "मी दिलं त्यात निम्मं हिचं होतं," शास्ते म्हणाले, "आणि मी हिला विचारलं नव्हतं."